तुझ्या रक्तात काहीच नव्हतं

ताय, तुझा डावा पाय जळायला वेळ लागला म्हणे. स्मशानातून परतलेली माणसं अंगणात हातपाय धुता धुता दबक्या आवाजात बोलत होती आणि मी पडवीत बसून ऐकत होते. "बाकी समदं झालं, त्यो पायच ऱ्हायला व्हता," असं चुलत्यांपैकी कुणीतरी म्हणालं. मग मी ऐकतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि सगळे गप्प झाले. तू असतीस तर गप्प बसली नसतीस. "लवकर कसा जळंल? एवढी वर्सं सुजवलाय त्याला," असं काहीतरी म्हणाली असतीस, आणि लोकांना हसावं की उठून जावं ते कळलं नसतं.

तेरावं होऊन गेलं. घरी येणारा जो तो तुला सोशीक म्हणतो. बिचारी कुणाला कधी उलटून बोलली नाही, असंही एका बाईने सांगितलं. मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. तू सोशीक नव्हतीस गं. कशेळ्याच्या बाजाराला जाताना जीपवाला तुला म्हणाला होता, "मावशी, मागं बसा, पायाला जागा लागते तुमच्या." तू सगळ्यांसमोर त्याला म्हणालीस, "पाय बांद टपावर. मी पुढं बसते." आणि पुढेच बसलीस. शेजारच्या माणसाला अर्धं बाहेर लटकत यावं लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुझी मला लाज वाटायची, हे तुला ठाऊक होतं. मी ते कधी बोलले नाही आणि तू कधी विचारलं नाहीस.

माझं पहिलं स्थळ तू मोडलंस, तिथून हे सगळं सुरू होतं.

मी एकवीस वर्षांची, तू सत्तावीसची. मुरबाडकडच्या तुझ्या सासरच्यांनी तुला परत आणून सोडल्याला तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर वर्षभरात तुझ्या पायाला थंडीताप येऊन सूज चढायला लागली, ती उतरेना झाली, आणि मग हत्तीपायाची बाई घरात नको म्हणून त्यांनी तुझ्या ट्रंकेसकट तुला आपल्या ओट्यावर बसवलं. मला बघायला कळंबकडची माणसं येणार होती. आईने तुला चुलीपाशी बसायला सांगितलं, पायावर गोधडी टाकायला सांगितलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. मुलाच्या वडिलांनी माझं शिक्षण विचारलं. मी सांगत होते, तेवढ्यात तू मागून आलीस, त्यांच्या समोर पायरीवर बसलीस आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलंस.

"बगून घ्या," तू म्हणालीस. "ही पन ह्याच घरातली. मागनं म्हनाल, फसवलं."

त्यांनी पोहे तसेच ठेवले. ते गेल्यावर बाबांनी तुझ्यावर हात उगारला तेव्हा तू डावा पाय मागे घेतलास आणि म्हणालीस, "ह्या पायावर नका मारू, लागत नाय. दुसऱ्यावर मारा." बाबांचा हात खाली आला. ते मागच्या दाराने शेतावर निघून गेले.

वर्षभर मी तुझ्याशी बोलले नाही. एका घरात, एका चुलीवर जेवून. नंतर बाबांना दुसरं स्थळ शोधायचा उत्साह राहिला नाही, मलाही नव्हता, आणि मी प्राणिशास्त्रात पुढे शिकायला लागले. आज खालापूरच्या बाजूला एका कॉलेजात शिकवते, कर्जतला खोली घेऊन एकटी राहते, नावामागे डॉक्टर लागलंय, ते सगळं तू पायरीवर येऊन बसलीस म्हणून. याचे उपकार मानायचे की तुझा गळा धरायचा, हे माझं कधीच ठरलं नाही.

तू तसं का केलंस, यावर आपण किती वेळा भांडलो? कधी तू म्हणायचीस, "मला परत धाडताना त्यांनी बोल लावला, रोग लपवून पोर दिली म्हनून. तुज्यावर तसं यायला नको." कधी चिडलीस की म्हणायचीस, "तुजं लगीन बगवत नव्हतं मला. झालं समादान?" यातलं खरं कुठलं, हे मी या उन्हाळ्यात तुला शेवटचं विचारलं. तू फणसाचे गरे काढत होतीस. तेलाचे हात तसेच ठेवून तू म्हणालीस, "आदी तू सांग, पमे. तुला खरंच करायचं व्हतं का?" मी गऱ्यांतल्या बिया वेगळ्या करायला लागले.

पीएचडीला नाव घातलं तेव्हा माझ्या सरांनी विषय दिला: हत्तीरोगाच्या कृमींवर वनस्पतींतली कुठली द्रव्यं चालतात ते शोधायचं. गावाकडे सुजेवर लोक काय लावतात ते विचारून या, म्हणाले. मी घरी आले. विचारायला तूच होतीस. "निरगुड," तू एका शब्दात सांगितलंस आणि लगेच उठून मला ओहोळावर घेऊन गेलीस. बांधावरून तो पाय उचलून टाकत टाकत पुढे तू आणि मागे मी. तीन पानांची कुठली, पाच पानांची कुठली, कोवळा पाला का घ्यायचा नाही, फूल यायच्या आधी का खुडायचा, सगळं तू सांगत होतीस. तुला एवढं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पहिला पाला मी खोलीच्या गच्चीवर उन्हात वाळवला. तू आलीस, हातात घेऊन चुरलास, नाकाला लावलास. "उनात वाळवलास? वास गेला त्याचा. औषद गेलं." मग तूच खुडायला लागलीस आणि माळ्यावर, सावलीत, जुन्या धोतरावर पसरून वाळवायला लागलीस. तुझ्या पाल्याचा अर्क माझ्या पाल्याच्या अर्काहून कितीतरी जास्त चालला. प्रबंधात मी लिहिलं, 'पाने सावलीत वाळवली.' कुणी वाळवली, कुणी सांगितलं, हे लिहिलं नाही. लिहायची पद्धत नसते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आभाराच्या पानावर सरांचं नाव आहे, कॉलेजचं आहे, यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाचंही आहे.

माणसाच्या अंगातले कृमी प्रयोगाला मिळत नाहीत, ताय. ते लसिकेच्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या, वाहिन्यांत खोल बसलेले असतात. म्हणून त्यांच्या जवळच्या नात्यातले, म्हशीच्या पोटात सापडणारे कृमी वापरतात. मी पहाटे कल्याणच्या बाजूला एका कत्तलखान्यात जायचे. तिथले लोक म्हशीचं पोट उघडलं की मला हाक मारायचे. आतड्यांवर पांढऱ्या दोऱ्यासारखे कृमी वळवळत असायचे, ते चिमट्याने उचलायचे, थर्मासमधल्या मिठाच्या कोमट पाण्यात टाकायचे आणि मरायच्या आत प्रयोगशाळेत आणायचे. काचेच्या बशीत त्यांच्यावर अर्क सोडायचा. मग दर तासाला बघायचं, किती हलतात, किती थांबले.

एका रविवारी त्यातले दोन कृमी छोट्या बाटलीत घालून मी तुला दाखवायला आणले. तू बाटली उजेडात धरलीस. बराच वेळ बघत होतीस.

"ह्ये हायेत माज्या पायात?"

"असेच," मी म्हणाले.

मला सांगता आलं असतं की हे म्हशीचे आहेत. सोपं होतं. पण तुझ्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला घालवायचं नव्हतं. इतकी वर्षं तुला कुणी करणी म्हणालं, कुणी तुझ्याच पापाचं फळ म्हणालं. आता शत्रू तुझ्या हातातल्या बाटलीत होता. तू त्यांना शिव्या दिल्यास. आई धावत बाहेर आली, एवढ्या घाणेरड्या शिव्या.

मग मी मोबाइलवर काढलेलं चित्रण दाखवलं. आधी वळवळणारा कृमी, मग निरगुडीच्या अर्कातला, सैल पडलेला. "मेला बग! मेला!" तू ओरडलीस. ते तू स्वतःच्या मोबाइलवर घेतलंस आणि गावभर दाखवलंस. कशेळ्याला दळण द्यायला गेलीस तरी गिरणीवाल्याला दाखवलंस. "माज्या भैनीनं मारला. माज्या पाल्यानं." माझ्या स्वयंपाकाला, माझ्या इंग्रजीला, माझ्या चष्म्याला, सगळ्याला तू हसायचीस. या एका गोष्टीला कधी हसली नाहीस. त्या रविवारपासून मी तुझी लाडकी झाले.

दुसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या पट्ट्या आल्या. बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर टाकायचा, थोडा वेळ थांबायचं. दोन रेघा आल्या तर अंगात जिवंत कृमी आहेत. एकच आली तर नाहीत. एक पट्टी उरली ती मी घरी आणली आणि पडवीत तुझ्या बोटाला सुई टोचली. आपण दोघी पट्टीकडे बघत बसलो. एक रेघ आली. मी आणखी थांबले. एकच होती.

"काय आलं गं?"

"बघावं लागेल," मी म्हणाले आणि पट्टी पर्समध्ये टाकली.

तुझ्या रक्तात काहीच नव्हतं. तुझ्यातले कृमी कधीच मेले होते, सासरी असताना सरकारी गोळ्या खाल्ल्यास तेव्हा, किंवा आपोआप, म्हातारे होऊन. मरण्याआधी त्यांनी तुझ्या पायातल्या बारीक वाहिन्या मोडून ठेवल्या. आत साचलेलं पाणी वर चढायला वाट उरली नव्हती. जगातली कुठलीही वनस्पती, कुठल्याही पानातलं कुठलंही द्रव्य मेलेल्याला पुन्हा मारू शकत नाही. माझा प्रयोग उद्या शंभर टक्के यशस्वी झाला असता, निरगुडीची गोळी बाजारात आली असती, तरी ती तुझ्या कामाची नव्हती. एखाद्या कोवळ्या पोरीच्या कामाची असती, जिच्या अंगात ते नुकतेच शिरलेत. तुझ्यासाठी फार उशीर झाला होता. मला हे त्या दिवशी, त्या पडवीत कळलं. त्यानंतर सात वर्षं तू माझ्यासाठी पाला खुडलास.

का सांगितलं नाही? तुझी आशा मोडवली नाही, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. पाला चांगला येत होता. प्रबंध पुढे सरकत होता. आणि तू माझ्यावर माया करत होतीस, ती त्याआधी मला कधी मिळाली नव्हती. आणखी एक आहे ते आज लिहिते, कारण तू वाचणार नाहीस. कधी कधी तू ओहोळात गुडघाभर पाण्यात उभी राहून पाला तोडत असायचीस, मी काठावर पिशवी धरून उभी असायचे, आणि मला ती पायरी आठवायची, वर केलेलं लुगडं आठवायचं, न खाल्लेले पोहे आठवायचे. तेव्हा मला बरं वाटायचं. क्षणभरच. पण वाटायचं.

आरोग्य केंद्राची आशाताई गेल्या पावसाळ्याआधी घरी आली होती. तिने तुला प्लास्टिकचा टब दिला, साबण दिला, मऊ टॉवेल दिला. रोज पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेग दिसली तर मलम लावायचं, झोपताना पाय उशीवर ठेवायचा. तू मला फोन करून हसलीस. "साबनानं हत्तीपाय जातो म्हनं! मंग तू एवढी वर्सं काय करतेस?" तरी आईने तुझ्या मागे लागून करून घेतलं. त्या पावसाळ्यात तुझा पाय एकदाही चढला नाही. दरवर्षी तीनतीनदा थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल होऊन आग आग व्हायची, ते त्या वर्षी झालं नाही. मी हे बघितलं. मला त्याचं कारण माहीत होतं. तू मात्र म्हणालीस, पाला उकळून बांधते त्याचा गुण आला. मी दुरुस्त केलं नाही.

दिवाळीत तू विचारलंस, "सगळा पाला तुला देते. माजं औषद मला कंदी?"

मग मी तुला बाटली आणून दिली. प्रयोगातला उरलेला काळपट हिरवा अर्क, खोबरेल तेलात मिसळलेला. याने बरं होणार नाही पण वाईटही होणार नाही, असा मी हिशेब केला होता. तू ती देवघरात ठेवलीस. रोज बोटाने थोडं थोडं काढून पायाला, बेचक्यांत लावायचीस.

माघात कधीतरी तुझा फोन आला. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. तू इकडचं तिकडचं बोललीस, मग म्हणालीस, "आता पाय धुवत नाय मी. तुजं औषद वाहून जातं ना."

मी लाल पेन खाली ठेवलं. आता सांगायला हवं, असं मनात आलं. एवढंच म्हणायचं होतं, "ताय, धुत जा. औषध गेलं तरी चालेल." तू का म्हणून विचारलं असतंस. मग सगळंच निघालं असतं, पट्टी, म्हैस, सगळं.

"बरं," मी म्हणाले.

या आषाढात लावणीला तू चिखलात उतरलीस. आईने नको म्हटलं होतं. करंगळीच्या बेचक्यात भेग होती, त्यात तेल आणि चिखल. शुक्रवारी आईचा फोन आला, पाय चढलाय, ताप आहे. मी म्हणाले, तापाची गोळी दे, रविवारी येते. शनिवारी कॉलेजात परिसंवाद होता आणि मला निरगुडीवर बोलायचं होतं. बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी घरी पोचले तेव्हा लाली मांडीपर्यंत चढली होती, बोटांतून पाणी येत होतं, आणि त्या सगळ्यावर तू उकळलेला पाला बांधून घेतला होतास, गरम गरम. वास घरभर होता. तापाच्या भरात तू मला 'बाबा' म्हणून हाक मारलीस.

कर्जतला आणलं तुला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी बोटं फाकवून बघितली आणि श्वास रोखून धरला. संसर्ग रक्तात गेलाय, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी शिकलेली दिसत होते.

"रोज धुवायला कुणी सांगितलं नव्हतं का? काय लावत होत्या या?"

"गावठी पाला," मी म्हणाले. "कितीदा सांगितलं, मॅडम. ऐकतच नव्हती."

तुझे डोळे उघडे होते. सलाइनने तू थोडी शुद्धीवर आली होतीस, ते मला दिसलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली बघितलं. मला वाटलं आता तू लुगडं वर करशील, सगळ्यांना सांगशील, बगून घ्या, ही माजी भैन. तुझी सवयच ती.

"व्हय, बाई," तू डॉक्टरीणबाईंना म्हणालीस. "मीच नव्हते ऐकत. तिनं लई सांगितलं."

ताय, तू आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं फेकत आलीस. लग्नं मोडलीस, भांडणं लावलीस, बापाचा हात खाली आणलास. खोटं बोललेली मी तुला त्या एकाच वेळी ऐकलं, आणि ते माझ्यासाठी. मी काय केलंय ते तुला तेव्हा कळलं होतं का? की बाहेरच्या बाईसमोर भैनीची मान खाली जाऊ नये, एवढंच तुझ्या मनात होतं? विचारायला दोन दिवस होते. मी तुझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसून होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तू म्हणालीस, "माळ्यावर पाला हाय. आईला सांग, उलटा करायला. नायतर बुरशी धरंल." मी म्हणाले, सांगते. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

दहाव्याला, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी होते तेव्हा मोबाइल वाजला. माझा लेख स्वीकारला होता. निरगुडीच्या पानांतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याबद्दल होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, निकाल आशादायक आहेत. खरं म्हणजे ते द्रव्य कृमी मारतं तेवढ्याच मात्रेत चांगल्या पेशीही मारतं, हेही लेखात आहे, शेवटाकडे, एका वाक्यात. बशीत जे मरतं ते माणसाच्या अंगात मरतंच असं नाही. अजून खूप वर्षं लागतील. कदाचित काहीच निघणार नाही. मी मोबाइल बंद केला. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवावा लागला. काय राहिलं होतं तुझं, म्हणून माणसं एकमेकांना विचारत होती.

तेराव्यानंतर मी आईला सांगितलं. सकाळी ती पडवीत तांदूळ निवडत होती. पट्टीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, फोनवर मी 'बरं' म्हणाले तेही सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत.

"रक्तात काय नव्हतं मंजे?"

"किडे नव्हते. मेले होते कधीचेच."

"मंग पाला कशाला खुडला तिनं?"

"माझ्या कामासाठी."

आईने सुपातले दोन खडे वेचून अंगणात टाकले. "बरं झालं, तिला नाय कळलं," ती म्हणाली. सूप पाखडलं, पुन्हा खाली ठेवलं. "नाय गं. वाईट झालं." मग उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते.

आणि परवा वरच्या आळीतली शेवंताकाकू आली. सोबत तिची नात, मनीषा, दहावीत जाते. पोरीचा उजवा घोटा भरला होता. दोनदा थंडीताप येऊन गेलाय म्हणाली. काकू ओट्यावर बसली, तुझ्या नावाने डोळे पुसले, आणि म्हणाली, "सुरेखाला देत व्हतीस ती बाटली हाय का गं उरलेली? पोरीला लावते."

मी मनीषाचा घोटा हाताने चाचपला. बोटाने दाबलं तर खड्डा पडत होता आणि भरत होता. फार काही बिघडलेलं नव्हतं अजून. मी काकूला सांगितलं, बाटलीने काही होत नाही. उद्याच हिला आरोग्य केंद्रात ने, रक्त तपासून घे, गोळ्या देतील त्या खायला घाल. रोज साबणाने पाय धुवायला लाव, पुसून कोरडा करायला लाव. पाला उकळून बांधू नकोस. मी एवढं सावकाश आणि एवढं स्पष्ट आयुष्यात कुणाला काही सांगितलं नसेल.

काकू माझ्याकडे बघत राहिली. "सुरेखाला एवढी वर्सं पाला बांदलास, आन आमाला साबन दावतेस?"

"तिला त्याचा काही उपयोग नव्हता, काकू. मला माहीत होतं."

"खोटं कशाला बोलतेस गं? द्यायचं नाय तर नाय म्हन." ती उठली. "सख्ख्या भैनीला कोन असं करंल?"

ती नातीचा हात धरून पायऱ्या उतरली. मी मागोमाग अंगणापर्यंत गेले, पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकूने वळून बघितलं नाही. ओहोळाच्या उतारावर ती थांबली, निरगुडीची एक फांदी वाकवली आणि पाला ओरबाडून ओटीत भरायला लागली. कोवळा, जून, सगळा एकत्र. पोरगी माझ्याकडे बघत होती.

उद्या आशाताईला घेऊन मी त्यांच्या दारात जाणार आहे. पुन्हा हाकलतील. खरं बोलले तर माझ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, ताय. तुझा बसला असता. म्हणूनच तर तुला सांगितलं नाही.